धुराच्या घरचा चहा

आमच्या गल्लीतल्या काकाजींइतका उद्धट माणूस यवतमाळात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतकं कोणाचं ऐकलंही गेलं नसेल. याचा मला अजून राग आहे. जन्मभर कोर्टात बेलिफ होते, त्यामुळे परक्या घरात शिरताना संकोच वाटतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. निवृत्तीनंतर फक्त हातात जप्तीचा हुकूम नसे, एवढाच फरक. पाहुणे बैठकीत बसतात, काकाजी थेट स्वयंपाकघरात. भिंतीला गाल लावून ओल पाहायची, बंद खोलीत नाक वर करून विचारायचं, "इथं सारे जण एकमेकांचा उष्टा श्वास घेता का जी?" कापसाच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या कपाळावर तर त्यांनी त्याच्याच चुलीमागच्या काजळीचा टिळा लावला. म्हणाले, "हे तुमच्या बाईच्या छातीत आहे. थोडं तुमीबी बाळगा." व्यापारी पोट धरून हसला आणि त्याच आठवड्यात त्यानं भिंतीला खिडकी पाडली.

अहो, मी दुसरं काय सांगत होतो? बिनखिडकीचं स्वयंपाकघर हा बाईवरचा उघड जुलूम आहे, असं ठळक टायपात छापून मी दारोदार वाटत होतो. लोक पत्रक घेत, "छान लिवलं" म्हणत आणि त्यानंच चूल पेटवत. मी बोललो की आगाऊपणा, काकाजी बोलले की गंमत.

आणि माझा जीव तर आमच्याच घरात अडकला होता. चुलीपुढे आई खोकून खोकून वाकायची. भिंत फोडू म्हटलं की म्हणे, "खिडकी कायले पाह्यजे? येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडते अन्नावर." वर्षभर मी तिच्याशी भांडलो. मग संक्रांतीला काकाजी आले, आत डोकावले, तिळगूळ घेतला आणि ओसरीवर जाऊन बसले. आईनं चहा आणला तर हात जोडून म्हणाले, "वहिनी, धुराच्या घरचा चहा मी पेत नाही. राग नका मानू." आणि उठून गेले. आमच्या घरून माणूस बिनचहाचा गेला. दुसऱ्या दिवशी आईनं स्वतः गवंडी बोलावला.

खिडकी झाली, खोकला उतरला. आनंद मानायचा सोडून मी धुसफुसत राहिलो. शेवटी विचारलंच, "माझं काहून नाही ऐकलं?"

भाकर उलटत ती म्हणाली, "तू धुराच्या नावानं ओरडे, अन् चहा पेतच राहे."

पुढे काकाजी राजूरला लेकीकडे राहायला गेले. जावई तिथल्या कोळशाच्या खाणीत, घरोघर दगडी कोळशाच्या शेगड्या. बातमी ऐकत आईनं दोघांचा चहा ओतला. मग म्हणाली, "लेकीच्या घरी धूर असन, तं हा माणूस तिच्याही हातचा चहा पेत नसन रे."

समोर आमचा चहा होता. आम्ही दोघंही कपाला हात न लावता बसून राहिलो.