निरवांगीचा काळा गूळ

बारामतीच्या सोसायट्यांमधल्या छाटलेल्या फांद्या, वाळका पाला, कुंपणाच्या मेंदीची कात्रणं मी उचलतो. अंथुर्ण्याजवळच्या शेडमध्ये ते वाळवून, दळून, यंत्रात दाबून मनगटाएवढ्या जाड कांड्या पाडतो. लोक त्याला पांढरा कोळसा म्हणतात. हा धंदा मी कुणाच्या बापाच्या जिवावर उभा केलेला नाही. म्हणूनच निरवांगीच्या त्या गुऱ्हाळवाल्या तात्यांचं बोलणं मला अजून झोंबतं.

अवकाळी पावसात त्यांचं जळणाचं चिपाड, रस काढलेल्या उसाचा चोथा, भिजलं, तेव्हा जळण मागायला माझ्याकडंच आले. गाडी उतरवताना मी बजावलं होतं, थोड्या थोड्या टाका, हे चिपाड नव्हे. आणि पुढच्या आठवडी बाजारात इंदापूरभर बोंब : शहराचा कचरा जाळला, गूळ काळा पडला. माझी ठरलेली गिऱ्हाइकं फिरली.

तडक गुऱ्हाळावर गेलो. चुलवाणापाशी गडी कवेत मावतील तेवढ्या कांड्या एकदम आत लोटत होता. चिपाडाची सवय! ते भर्रकन जळतं, सारखं घालावं लागतं. कांडी निखारा धरून बसते. वर काहिलीच्या तळाला रस करपत होता.

"तात्या, जाळ तुमचा आन् बदनामी माझी व्हय?"

"आलं बघा कचऱ्याचं शेठ! माल खराब हाय म्हणा की सरळ."

"सरका. पुढची काहील मी जाळतो."

जाळली. गूळ उतरला तो पिवळाधमक. तात्यांनी खडा जिभेवर ठेवला आणि हळूच म्हणाले, "बरोबर हाय राव तुमचं. आनखी एक गाडी पाठवा."

"पाठवतो. पण बाजारात सांगायचं, चूक आमची हुती."

"चारचौघांत? लोक म्हणतील, ह्याला चूल पेटवाय येत न्हाय! बाजारातल्या एकट्या किराणावाल्याला सांगतो की."

"माझा माल नासका म्हणताना एकट्याला सांगितलं हुतं का?"

"बरं, त्याला आन् त्याच्या शेजारच्या सोनाराला."

माझ्या अब्रूचा भाव करत होते तात्या! उरलेल्या मालाचे पैसे परत त्यांच्या हातावर ठेवले आणि त्यांच्यादेखत एकूण एक कांडी गाडीत भरली.

"आवं, पर आता जाळू काय?"

"भिजलेलं चिपाड. फुंकत बसा."