लाईनीच्या कडेने बाशिंग

काळ कोणासाठी थांबत नाही, असे थोरामोठ्यांनी सांगून ठेवले आहे. ते बारामतीच्या छोट्या लाईनीच्या गाडीत कधी बसले नसावेत.

पन्नास सालानंतरची गोष्ट. माझ्या चुलतभावाचे लग्न लाईनीवरच्याच एका गावातल्या मुलीशी ठरले होते. मुहूर्त दुपारचा आणि हंगामातला शेवटचा. टळला तर लग्न थेट तुळशीच्या लग्नानंतर. भाऊ गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. कपाळाला बांधायचे मात्र आम्ही मारुतीच्या देवळात विसरलो.

विसरलो तेही रीतसर. वऱ्हाड निघताना आमच्याकडे बाशिंग मारुतीच्या पायाशी ठेवतात आणि नवरदेवाने नमस्कार केला की घरातल्या मोठ्या माणसाने ते उचलायचे असते. आमच्यात मोठी माणसे तीन. ‘तात्या, तुमी उचला,’ ‘छे, छे, मामा, मान तुमचा,’ असे करत तिघेही एकमेकांना मान देऊन स्टेशनात आले. गाडी सुटायच्या शिट्टीला आत्याने विचारले, “बाशिंग कुणापाशी हाय?” तेव्हा तिघांनी एकदमच माझ्याकडे पाहिले. मी गावच्या शाळेतला मास्तर, आणि स्टेशनात सायकलवरून आलेला मी एकटाच होतो.

मी देवळातून बाशिंग घेऊन परतलो तोवर गाडी गेलेली. आदल्या दिवशी वळीव पडून बैलगाडीच्या वाटेचा चिखल झाला होता, आणि आमच्याकडची काळी माती एकदा मडगार्डात शिरली की सायकल आपल्यावर बसते. म्हणून लाईन धरली. रुळांच्या कडेला लाईनीवरच्या कामगारांच्या पायांनी पडलेली वाट होती. हातभर रुंद, पण कोरडी आणि सरळ.

बाशिंग हँडलला टांगले तर वाऱ्याने फडफडून त्याची बेगड सुटायला लागली. पुढे ओढ्यावरची मोरी आली. तिथे वाट संपते. सायकल खांद्यावर घेऊन एकेका स्लिपरावर पाय टाकत जावे लागते. एका हातात सायकल, दुसरा तोल सांभाळायला. बाशिंगाला उरले फक्त माझे कपाळ. तिथे बांधले आणि निघालो.

मोरीपलीकडे एक कामगार रुळाचे बोल्ट आवळत होता. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

“पाव्हणं, लगीन कुठल्या इंजनाशी लावताय?”

चढावर आमची गाडी उभी दिसली. इंजिनाचा दम गेला होता. वाफ धरेपर्यंत ती तिथेच बसणार. उतारू खाली उतरून बाभळीच्या सावलीत विड्याची पाने जुळवत होते. मला पाहताच एकाने आरोळी ठोकली, “आरं, नवरदेव पळाला!” खरा नवरदेव खिडकीतून बाहेर आला तो कमरेपर्यंत.

“मला घे मागं! डबलशीट जाऊ!”

मामांनी त्याला फेट्यासकट आत ओढले. “आपल्या घरचा नवरदेव सायकलीवर? लोक काय म्हणतील?” मग मला म्हणाले, “तू हो पुढं. मुहूर्त धरून ठिव.”

मुहूर्त कशाने धरतात हे त्यांनी सांगितले नाही. ऊन डोक्यावरून केव्हाच कलले होते. भावाचा चेहरा कार्तिकापर्यंत उतरलेला. मी जीव खाऊन पायडल मारू लागलो.

गावाच्या स्टेशनात इंदापूरहून आणलेला बँड उभा होता. बाशिंग दिसताच त्यांनी वाजवायला सुरुवात केली. आरतीचे ताट घेऊन बायका पुढे आल्या आणि एकीने माझ्या पायांवर पाणी ओतलेसुद्धा. नवरदेव मागून येतो आहे, असे मी तीनदा ओरडलो. बँड थांबला, तेव्हा मागून एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, “तरीच म्हनलं, दाखवलेला पोरगा बरा हुता.”

नवरीचे आजोबा, आबा, मांडवात तक्क्याला टेकून बसले होते. मी धापा टाकत विचारले, “आबा, मुहूर्त टळला का?”

“गाडी आली का?”

“न्हाय. चढाला उभी हाय.”

“मग टळतोय कुठनं? मुहूर्त गाडीमागनं घटकाभरानं हाय.”

त्या गावात घड्याळ नव्हते. दुपार म्हणजे दुपारची गाडी. भटजींनी मुहूर्त पंचांगातूनच काढला होता, पण गावाला कळावा म्हणून तो गाडीच्या हिशेबात सांगितला होता, आणि आता ते स्वतःही मान डोलवत होते.

“पण आबा, सूर्य तर कलला…”

“सूर्याचं काय सांगतूस मास्तर? त्यो उन्हाळ्यात येगळा उगवतो, थंडीत येगळा. त्याच्यावर लगनं धरत्यात व्हय?”

मी बाशिंग सोडून आबांच्या हातात दिले आणि हौदावर जाऊन तोंड धुतले. बऱ्याच वेळाने शिट्टी झाली. गाडी आली, गावात दुपार झाली, आणि घटकाभराने अक्षता पडल्या, अगदी मुहूर्तावर. पंगतीत मामांनी चार माणसांना ऐकू जाईल असे सांगितले की आमच्या घराण्यात मुहूर्त कधी टळलेला नाही.

आचारी परगावचे होते. त्यांनी उन्हाकडे पाहून चुली पेटवल्या होत्या. लापशी करपली होती.