आखाजीपर्यंतची मुदत

सुरतेचा पगार पुरतो तो एकट्याला, असं आमच्या थोरल्या दिरांचं ठाम मत. त्यांनी स्वतः उधन्याला लूमवर ऐन उमेद घालवलेली, एका खोलीत आठ जणांबरोबर. त्यामुळे या विषयात त्यांच्यापुढे घरात कोणी बोलत नसे. मी बोलले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती आणि नवरा मला दिसायचा तो सणापुरता. मुलगी बापाला व्हिडिओ कॉलवर बरोबर ओळखायची, पण तो दारात उभा राहिला की माझ्या पदराआड लपायची. हे काही मला बघवेना. मी सासऱ्यांना सरळ सांगितलं की मला सुरतेला जायचंय. त्यांनी तंबाखू मळता मळता मुदत घातली: दिवाळी झाली की जा, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, राहून बघ. त्याच्या पगारात घर चाललं तर राहा, नाहीतर सामानासकट परत. सोबत ज्वारीचं पोतं दिलं, म्हणजे भाकरीची तरी चिंता नको.

खरं सांगायचं तर पगार पुरत नव्हता. भाडं, गॅस, लाइटबिल आणि मुलीची बालवाडी झाली की हातात उरायचं ते नावाला. महिन्याचा शेवट मी भाकरी-चटणीवर काढायचे आणि फोनवर सासूबाईंना आज कुठली भाजी केली ते रचून सांगायचे. थापा मारताना मला जराही लाज वाटली नाही. नवरा जादा पाळ्या करायचा. मुदत संपत आली तसा तो म्हणायला लागला की दादा म्हणत होते तेच खरं असेल. मला त्याचा असा राग यायचा की मी दोन-दोन दिवस बोलत नसे.

त्यातच चैत्र लागला आणि माझे हात शिवशिवायला लागले. आमच्या खान्देशात या दिवसांत घरोघरी बिबडे होतात, म्हणजे ज्वारीचे पापड. भाकरीला तोंडी लावायला थोडे करू, म्हणून मी ज्वारी भिजत घातली. पण हाताला सवय गावची. तिथे आम्ही तिघी जावा सगळ्या घराचे आणि नणंदांकडचे बिबडे एकदमच करतो. त्याच अंदाजाने मी सुपांवर सुपं ओतत गेले. पातेली भरली, बादली भरली, पिण्याच्या पाण्याचं पिंपसुद्धा भरलं. पाळी संपवून नवरा घरी आला, त्याने रिकामं पोतं उचलून पाहिलं आणि उलटं करून झटकलं. भिजलेल्या ज्वारीची भाकरी होत नाही. आखाजीपर्यंतचं आमचं धान्य मी एका दुपारी पाण्यात घातलं होतं.

मग मीही हट्टाला पेटले. आता उखळात डोकं घातलंच आहे तर मागे कशाला बघायचं? तीन दिवसांनी आंबलेली ज्वारी उपसून भरडून आणली, मंडपवाल्याकडून मोठं पातेलं भाड्याने घेतलं आणि चाळीतल्या आमच्याच भागातल्या चौघींना हाक मारली. बिबडे काही एकटीने करायची गोष्ट नाही. गच्चीवर वाळवण घालायला घरमालकीणबाईंची सक्त मनाई होती. त्या तावातावाने वर आल्या, तेव्हा आम्ही लसूण, मिरची आणि तीळ घालून शिजवलेलं बिबड्यांचं गरम पीठ, म्हणजे घाटा, वाट्यांत वाढत होतो, वरून कच्चं तेल. एक वाटी त्यांच्याही हातात दिली. त्यांनी उभ्याउभ्याच संपवली आणि गुजरातीत विचारलं की अजून आहे का. त्या दिवसापासून गच्ची माझी झाली.

जुन्या साड्यांवर गच्चीभर बिबडे थापले होते, त्याचा फोटो मी हौसेने स्टेटसला ठेवला. त्याने कहर केला. उधना, कडोदरा, पर्वत पाटिया, जिथे जिथे आमच्याकडची माणसं होती तिथून फोन यायला लागले. खोल्यांवर एकटे राहणारे लोक, बायका गावाकडे, बिबडे बघून वर्षं झालेली. दोन दिवसांत बिबडे विकून गच्ची रिकामी झाली आणि मी पुन्हा ज्वारी आणली, या वेळी स्वतःच्या पैशाने. आमच्यात कामाची वाटणी झाली, चौघींच्या घरातही चार पैसे गेले. नवरा आता कामावरून आला की लसूण सोलायला बसायचा, आणि दादांचं नाव काढत नव्हता.

सासरे न कळवता आले. आम्हाला घेऊन जायलाच आले होते, हे मी त्यांच्या रिकाम्या पिशव्यांवरून ओळखलं. घरात कोणी नाही म्हणून ते जिना चढून गच्चीवर आले. कोपऱ्यातली काठी उचलली आणि कबुतरं हाकत सावलीला बसले. दिवसभर माणसं येत होती, बिबडे घेऊन जात होती, आणि प्रत्येकाला ते गाव विचारत होते. मुलगी बापाच्या खांद्यावर बसून वर आली, तेव्हा तिच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

आखाजीला आम्ही पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतो, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतो. एकत्र घरात घागर एकच, आणि ती भरायचा मान सासूबाईंचा. दुसरी घागर म्हणजे दुसरं घर, आणि ते ठरवायचं सासऱ्यांनी. जेवून हात धुताना ते मला म्हणाले, "यंदानी घागर तू आठेच भरजो, पोरी." आठेच, म्हणजे इथेच, सुरतेत.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. त्याच संध्याकाळी मी बाजारात गेले आणि कुंभाराकडची सगळ्यात मोठी घागर उचलली.