बरगड्यांना सहा तास लागतात

कतारमध्ये राहणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे सुपरमार्केटच्या पिशव्या आणि दुसरे म्हणजे किस्से. पिशव्या मी वर्षातून एकदा तरी टाकून देतो. किस्से टाकता येत नाहीत, कारण मला ते दर आठवड्याला लागतात.

त्याचं असं झालं. ईशानच्या अकरावीसाठी वैशाली त्याला घेऊन पुण्याला गेली आणि मी उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावात तीन खोल्या आणि एक अंगण घेऊन मागे राहिलो. जाताना तिने एकच अट घातली. "शुक्रवारी घरात एकटं बसायचं नाही. चार माणसांत राहायचं. नाहीतर मी पोराचं कॉलेज अर्धवट सोडवून परत येईन!" आणि वैशाली बोलते ते करते, हे एकोणीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

तेव्हा शुक्रवारी रात्रीच्या फोनवर एक ताजा किस्सा सांगायचा, ही माझी हजेरी झाली. किस्सा असला की मी माणसांत आहे, नसला की ती विमानात!

*

आमच्या कंपनीत डेल नावाचा एक अमेरिकन होता. साठीचा, टेनेसीकडचा, बायको वारलेली. कामाव्यतिरिक्त तो फक्त एका विषयावर बोलायचा, तो म्हणजे डुकराच्या बरगड्या. त्यांना तो रिब्ज म्हणायचा, आणि असं म्हणायचा की ऐकणाऱ्याने टोपी काढावी.

एकदा कॅन्टीनमध्ये मी, सावंत आणि कुलकर्णी बसलो होतो. सावंत कुडाळचा, वेल्डिंग तपासणारा. कुलकर्णी साताऱ्याचा, प्लॅनिंगमधला आणि पक्का शाकाहारी. तिघांचीही कुटुंबं भारतात. डेल समोर येऊन बसला आणि रिब्ज कशा करायच्या ते सांगू लागला. मागचा पापुद्रा ओढून काढायचा, मसाला चोळायचा, मंद धुरावर ठेवायच्या आणि शेवटच्या अर्ध्या तासात सॉस लावायचा.

सावंतने विचारलं, "किती वेळ लागतो?"

"सहा तास."

सावंत माझ्याकडे बघायला लागला, मी कुलकर्णीकडे. शुक्रवारची नमाज आटोपून रस्ते पुन्हा वाहायला लागतात तेव्हा एक वाजतो. तिथून जेवायच्या वेळेपर्यंत बरोबर सहा तास. हे सहा तास कुठे घालवायचे, याचं उत्तर आम्ही तिघंही वेगवेगळ्या खोल्यांत कधीपासून शोधत होतो.

कुलकर्णी म्हणाला, "मी खाणार नाही. पण येतो!"

*

इथे डुकराचं मांस मिळतं, पण परमिटवर आणि ठरलेल्याच जागी. डेल परमिट घेऊन जायचा आणि एखाद्या बँकेच्या लॉकरमधून आल्यासारखा गंभीर चेहऱ्याने माझ्या अंगणात परत यायचा. सावंतने पहिल्यांदा ती बरगड्यांची लांबलचक पट्टी पाहिली तेव्हा तो दोन मिनिटं गप्प होता. सावंत दोन मिनिटं गप्प, हाही एक किस्साच!

मग आई आठवून म्हणाला, "आवशीक कळला तर माका घरात घेवची नाय."

पहिला घास घेतल्यावर म्हणाला, "तिका सांगूक कशाक व्हया?"

घरी काय सांगायचं हा प्रश्न मलाही होता. त्या रात्री वैशालीने विचारलं, "काय जेवलात?"

"रिब्ज."

"म्हणजे?"

"बरगड्या."

"कोणाच्या?"

मी म्हटलं, "हॅलो? हॅलो? नेटवर्क जातंय इथे!"

ती पलीकडे हसली, ते मला व्यवस्थित ऐकू आलं.

*

कुलकर्णीने खायचं नाही असं ठरवलं होतं, पण नुसतं बसायचा त्याचा स्वभाव नव्हता. म्हणून सॉस त्याच्याकडे आला. टोमॅटो केचप, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, कांदा, लसूण, तिखट आणि वूस्टर सॉस. डेलच्या यादीत ब्राऊन शुगर होती, तिथे कुलकर्णीने घरचा काळा गूळ घातला. मंद आचेवर तासभर रटरटवायचा, चमच्याला चिकटून बसेपर्यंत. मग आम्ही बरगड्या खायचो आणि तो पावाला सॉस लावून खायचा. सुखी माणूस!

सात-आठ महिने असे गेले. एकदा बाटली रिकामी झाली म्हणून कुलकर्णीने चष्मा लावून लेबल वाचलं आणि तिथेच पायरीवर बसला. वूस्टर सॉसमध्ये मासे असतात. अँकोवी नावाचे. छोटे, पण मासेच.

डेलने टोपी काढली. शेवटी सावंतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कुलकर्णी, आठ महिने म्हणजे तू आता आमच्यातलाच. देवगडला ये, आत्याकडे तुझ्यासाठी स्थळ बघतो!"

"माझं लग्न झालंय!" कुलकर्णी ओरडला.

पुढच्या शुक्रवारी त्याने वूस्टर सॉस काढून टाकला आणि त्या जागी चिंचेचा कोळ आणि चिमूटभर हिंग घातला. डेलने चमचा चाटला आणि बराच वेळ अंगणाच्या भिंतीकडे बघत राहिला. आम्हाला वाटलं, बिघडला. तो म्हणाला, "माझ्या आजीने हे चाखलं असतं, तर तिने मला घराबाहेर काढून तुला ठेवलं असतं."

*

शेजारच्या मोठ्या घरात एक वयस्कर कतारी गृहस्थ राहतात. अबू नासर. दर शुक्रवारी आमच्या अंगणातून सहा तास धूर निघतो हे त्यांनी पाहिलं असणार. एके दिवशी त्यांचा ड्रायव्हर भलंमोठं झाकलेलं ताट घेऊन दारात उभा. आत भात, त्यावर अख्खी कोकराची तंगडी, बदाम, बेदाणे. "बाबांनी पाठवलंय. म्हणाले, शेजारी बरीच मेहनत करतात."

आम्ही शुक्रन शुक्रन करत ताट घेतलं आणि मग घाम फुटला. शेजारचं भांडं रिकामं कसं पाठवायचं? चौघांपैकी तिघांच्या आयांनी हे लहानपणापासून डोक्यात बसवलेलं. आणि घरात शिजलेलं काय, तर नेमकं तेच, जे त्यांच्या उंबऱ्याच्या आत न्यायचा विचारही करायचा नाही! सॉसही नको, तो त्याच ब्रशने लावला होता.

कुलकर्णी उठला. नवं पातेलं काढलं, तूप-रवा शोधला आणि वीस मिनिटांत केशर घातलेला शिरा केला. काजू लावून ताट परत गेलं.

पुढच्या शुक्रवारी ताट पुन्हा आलं. पुन्हा शिरा गेला. असं बरेच महिने चाललं. एकदा अबू नासर स्वतः फाटकाशी भेटले, माझा हात धरून म्हणाले, "तुमचा तो गोड पदार्थ फार छान असतो. सहा तास धुरावर ठेवल्याशिवाय असा होणार नाही!"

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

दुसरं काय म्हणणार?

*

उन्हाळ्यात अंगणात उभं राहणं म्हणजे शिक्षा. गेल्या जूनमध्ये कोळसा पेटवायच्या आधीच ग्रिलच्या झाकणावरचा काटा साठ अंशांवर गेला होता. रिब्जना एकशे दहा लागतात. सावंत काट्याकडे बघून म्हणाला, "अर्ध्याहून जास्त काम सूर्याने केलं. उरलेलं कुलकर्णीची बायको फोनवर तापली की होईल!"

हा सावंतचा इथला शेवटचा किस्सा. त्याचा प्रोजेक्ट संपला होता आणि पुढच्या मंगळवारी तो गेला. पुण्यात त्याची मुलगी नोकरीला आहे, तिच्याकडे राहायला. आमच्या तिथल्या घरापासून शहराचं पार दुसरं टोक, म्हणून वैशालीला मी तो गेल्याचं कळवलंच नाही.

ऑगस्टमध्ये डेल निवृत्त झाला. ग्रिल माझ्याकडे ठेवून गेला. ऑक्टोबरमध्ये कुलकर्णीला मस्कतला चांगली जागा मिळाली. जाताना मला सॉसची कृती मराठीत लिहून दिली, खाली दोन रेघा मारून: "हिंग चिमूटभरच."

पुढच्या शुक्रवारी मी एक वाजता कोळसा पेटवला. का, ते माहीत नाही. परमिट आता माझं होतं, एक छोटी पट्टी आणली होती. खुर्च्या चारच होत्या, त्यातल्या तीन आत नेऊन ठेवल्या, तर अंगण आणखी मोठं दिसायला लागलं. मग त्या परत बाहेर आणल्या. इतका एकटा मी वडील गेले तेव्हाही नव्हतो, कारण तेव्हा घरात माणसं होती.

फोन आला. वैशाली म्हणाली, "आज काय म्हणाले सावंत भाऊजी?"

ईशानची बारावी होती. परीक्षेला चार महिने. मी खरं सांगितलं असतं तर ती पोराला सोडून निघाली असती, किंवा निघता येत नाही म्हणून झुरत बसली असती.

मी म्हटलं, "अगं, आज सावंतने कमालच केली!"

*

किस्से रचणं किस्से घडण्यापेक्षा फार अवघड असतं! आठवडाभर ऑफिसात मी विचार करायचो, की शुक्रवारी सावंतला काय बोलायला लावू. लुसैल शहरातल्या आमच्या मजल्यावर लोकांना वाटायचं, मी रिपोर्टच्या काळजीत आहे.

सावंतला बोलतं करणं सोपं. त्याच्या तोंडी काहीही शोभतं. कुलकर्णीकडून मी सॉस करपवून घेतला, चिंच संपल्यावर कोकम घालायला लावलं, एकदा अंगणात आलेल्या मांजरीचं बारसंही करवलं. डेलचं मात्र अवघड जायचं. डेल फार बोलायचाच नाही. म्हणून जानेवारीत मी त्याचा वाढदिवस साजरा केला. केक, गाणी, सगळं.

ईशान फोनवर होता. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तरं तो अर्धी इंग्रजीत देतो. म्हणाला, "बाबा, वेट. डेल अंकलचा बर्थडे ऑगस्टमध्ये झाला ना? यू टोल्ड अस."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. ऑगस्टमध्ये आम्ही त्याला निरोप दिला होता, आणि तो केक मी वाढदिवसाचा म्हणून सांगितला होता!

मी शब्द जुळवत होतो, तोच वैशाली मागून म्हणाली, "अरे, अमेरिकन लोक करत असतील दोनदा. तू अभ्यासाला बस."

वाचलो!

*

मार्चमध्ये बारावी संपली आणि दोघं आठ दिवसांसाठी आली. ईशानने विमानतळावरच जाहीर केलं, "फ्रायडे, रिब्ज, सावंत काका. नॉन-निगोशिएबल!"

मी तीन पट्ट्या आणल्या. शुक्रवारी एक वाजता कोळसा पेटवला आणि कारणं सांगायला सुरुवात केली. कुलकर्णीला ताप आहे. डेल सुट्टीवर गेलाय. सावंतला अचानक ड्यूटी लागली, पण जमलं तर उशिरा येईल. ईशानने तोंड वाकडं केलं, पण पापुद्रा मात्र त्याने काढला, एका दमात. मग सहा तास माझ्याशेजारी बसला. पहिला तास मोबाईलवर, दुसऱ्या तासात मोबाईल खिशात गेला, आणि चौथ्या तासात त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही इथे दर फ्रायडेला काय बोलता?"

मी म्हटलं, "काहीही. विषय लागत नाही."

साडेसहा वाजता सॉस लागला. ईशान हात धुवायला आत गेला. वैशालीने टेबलावर तीन ताटल्या मांडल्या.

"अगं, एक जास्त ठेव," मी म्हटलं. "सावंत आला तर?"

"नाही येणार."

"तुला काय माहीत?"

तिने पावाचा तुकडा सॉसमध्ये बुडवला, खाल्ला, आणि हिंग बरोबर आहे की नाही ते बघितल्यासारखी थांबली.

"जूनमध्येच आले होते घरी, ईशानसाठी खजूर घेऊन. मग ऑगस्टमध्ये सांगितलं, डेल गेला. ऑक्टोबरमध्ये सांगितलं, कुलकर्णी भाऊजी गेले."

मी चिमटा हातात धरून उभा. नऊ महिने! "मग तू दर शुक्रवारी मला विचारत होतीस, ते?"

"मला विचारावंच लागायचं," वैशाली म्हणाली. "शनिवारी सकाळी आठ वाजले की सावंत भाऊजींचा फोन येतो. मुलीला शनिवारीही ऑफिस असतं, ते घरात एकटेच. आणि पहिलं वाक्य ठरलेलं. 'वहिनी, काल मी काय म्हणालो?'"