आबांचा भोंगा

संगणक सुरू झाला की आबा त्याच्या डब्याला कान लावायचे. आत डिस्क टकटक करते का ते ऐकायचे, मग तिची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडायचे. हिरवं दिसलं तरच पुढचं काम. "आधी नाडी, मग औषध," म्हणायचे. देवपुरातल्या आमच्या जमीनहक्काच्या संघटनेच्या खोलीत हा नियम कुणी मोडला, की सभेत त्याचं नाव निघायचं.

कारण आबांचा दुसरा नियम होता: चूक चौकात सांगायची. तलाठी असो की आमचाच कार्यकर्ता, बाजाराच्या दिवशी आबा भोंगा घेऊन उभे राहायचे आणि नाव घेऊन बोलायचे. त्यांची पत्रकं वाचत मी मोठी झाले. ज्यांचं नाव निघे त्यांना काय वाटत असेल, हे कधी मनातही आलं नाही.

मग नवी सिस्टीम टाकायची वेळ आली. जुनीवर पत्रकाचा प्रोग्राम चालेना, आणि साक्रीच्या बाजाराआधी पत्रक छापायचं होतं. आबांनी डिस्कची तब्येत पाहिली. पिवळी खूण आली: सावधान. तिच्यातल्या सगळ्याची कॉपी काढण्यात दुपार गेली असती. "एवढ्यानं काही मरत नाही ती," म्हणत त्यांनी बटण दाबलं. अर्ध्यातच पडदा काळा झाला आणि डिस्क परत उठली नाही. तिच्यात साक्रीकडच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांच्या जबान्या होत्या. कोणती जमीन कोण कसत आलं, ते त्यांच्याच आवाजात. दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

बाजारात आबांनी भोंगा उचलला. मी कुजबुजले, "आबा, मशीन बिघडलं म्हणा ना."

"मशीननं सांगितलं होतं, पोरी. मीच ऐकलं नाही."

त्यांनी स्वतःचं नाव घेतलं, गावासकट. सगळं सांगितलं. जबानी दिलेल्या एका म्हातारीची लेक गर्दीतून पुढे आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "मनी माय मरी गयी, आबा. तिना आवाज तठेच व्हता."

आबांच्या हातातला भोंगा चालूच होता. त्यांचा श्वास सगळ्या बाजाराला ऐकू येत होता. शरमेनं मला मान वर करवेना.

तो भोंगा त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही. आता ते जळगावला लेकीकडे असतात. सिस्टीम बदलायची असली की मी फोन करते.

"नाडी पाहिली?"

"पाहिली. हिरवी आहे."

"कॉपी?"

"काढली, आबा. दुसरीकडे ठेवली."

मग त्यांचा नुसता श्वास ऐकू येतो. मीही फोन ठेवत नाही.