द्वारकेचं हिरवं लुगडं

शाळेत मुलींचे पाढे चालले होते आणि दारात द्वारकेच्या तमाशाच्या फडातला ढोलकीवाला येऊन उभा राहिला. पहाटेच्या गाडीनं अकोल्याहून आलेला, डोक्याचा रुमाल हातात. "बाई, द्वारकाबाई गेल्या," एवढंच म्हणाला... तापानं पडून होती म्हणे. आधी तो तिच्या सख्ख्या भावाकडे, नारायणदादाकडे जाऊन आला होता. दादानं त्याला ओट्यावरूनच वाटेला लावलं. "तिचं सुतक तं कवाचंच फिटलं," म्हणाला. मी द्वारकेची चुलत बहीण. मुलींना सोडलं, घरी जाऊन पेटीतलं हिरवं लुगडं पिशवीत घातलं आणि त्याच्याबरोबर निघाले. ते लुगडं तिनंच माझ्यापाशी ठेवायला दिलं होतं, याच दिवसासाठी.

अमरावतीच्या कडेला आमचा भाजीचा मळा. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून द्वारका वांग्यांना पाणी द्यायची आणि तिची आई, माझी मोठीमाय, लांबून ओरडायची, "पदर घे व, पदर!" लग्न झालं आणि लगेच नवरा गेला. दादानं पातूरकडच्या एका म्हाताऱ्या बिजवराशी तिचा पाट ठरवला. तिला विचारतो कोण? तिनं भावाच्या तोंडावर सांगितलं, "माह्या अंगावर काय नेसाव, कोणासाठी नेसाव, ते माह्यं मी पाहीन," आणि तमाशाच्या फडाबरोबर निघून गेली. दादानं विहिरीवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली. जिवंत बहिणीच्या नावानं! मोठीमायलाही करायला लावली. ती माउली ओल्या लुगड्यानिशी दिवसभर चुलीपुढे बसून राहिली.

द्वारकेचा खेळ मी एकदाच पाहिला. परतवाड्याच्या बाजारात, दिवसाउजेडी, बैलांच्या दमणीत बसून पडद्याच्या फटीतून. चोळी आणि घट्ट चोळणा घालून ती समोर आली. शिट्ट्यांनी कान किटले. सगळ्यांना वाटलं, आता ही उरलंसुरलंही काढणार. आणि बाईनं ढोलकीच्या ठेक्यावर चक्क लुगडं नेसायला घेतलं! आधी पाटलीणबाई, पोट आत ओढून. मग वकिलीणबाई, आपल्याच सावलीला लाजणारी. मग भाजीवाली, फटकन काष्टा मारून टोपली उचलणारी. लोक हसून हसून लोळत होते, आणि ज्यांच्या घरात त्या बाया होत्या तेच जास्त हसत होते. शेवटी तिनं पांढरं नेसलं, विधवेचं. ढोलकी थांबली. कोणी हसेना. मग तिनं ते पांढरं भिरकावून दिलं आणि स्वतःचं हिरवं नेसली, असं चापूनचोपून की काय सांगू! खेळ संपल्यावर मी तिला म्हटलं, "द्वारके, लाज नाही वाटत?" तर म्हणते, "लोकं उघडं पाहाले येतात इंदे, मी त्याईले झाकून दावतो. लाज त्याईले वाटू दे."

गुडघे गेल्यावर ती अकोल्यात जठारपेठेत खोली घेऊन राहिली. तिथल्या घरंदाज बाया समोरच्या दारानं तिला ओळख देत नसत, पण लग्नाकार्याला निघताना मागच्या दारानं येऊन तिच्याकडून निऱ्या लावून घेत. ती हसत लावून द्यायची. ते हिरवं लुगडं माझ्या हातात देताना मात्र हसली नव्हती. "मी मेली तं मले गुंडाळून नको धाडजो. काष्टा मारून, नीट नेसवून धाडजो. तू नेसवजो."

मी पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. घरमालकानं पांढरं कापड आणून ठेवलं होतं. पुरुषांना बाहेर काढलं, मीच तिला आंघोळ घातली. मग नेसवायला घेतलं... पण गेलेल्या माणसाला नऊवारी एकटीला नेसवता येत नाही हो! कंबर उचलली की निऱ्या सुटायच्या, निऱ्या धराव्या तर काष्टा मागे जाईना. दारात त्याच बाया उभ्या होत्या. मी हात जोडले, एकीनं नुसतं उचलून धरा म्हटलं. एक जण खाली बघत म्हणाली, "बाई, तिच्या भावानंच तिच्या नावानं आंघोळ केली हाये. आमी लेकराबाळाच्या बाया, आमी कसा हात लावाव?" लग्नाला जाताना बरा लागायचा हिचा हात! मी बोलले, ओरडले. कोणी उंबरा ओलांडला नाही. शेवटी बाहेरची माणसं आत आली, तिला पांढऱ्यात गुंडाळलं. मी हिरवं वरून पांघरलं, तर एका म्हाताऱ्यानं ते काढून माझ्या हातात दिलं. "रंगीत चालत नाही," म्हणाला. आयुष्यभर जे भिरकावलं, त्यातच गेली.

परत आल्यावर मोठीमायला भेटायला गेले. द्वारकेनं लुगड्याचं काय सांगून ठेवलंय, ते तिला माझ्याकडूनच कळलं होतं. दादा मळ्यात होता. तिनं दाराकडे पाहून घेतलं आणि हळूच विचारलं, "इंदे, काष्टा नीट बसला होता का व?" मी म्हटलं, "हो मोठीमाय, चांगला बसला होता." तिनं मान हलवली आणि मेथी निवडू लागली.

लुगडं माझ्या पेटीत तळाशी आहे. मोठीमाय आहे तोवर ते वाळत घालायचीही सोय नाही. ती येते कधीमधी, तिला दिसेल. तिला वाचता येत नाही, म्हणून एवढं लिहू शकले. पण नारायणदादा, तुला येतं. तू वाच, पुन्हा वाच. फक्त तिला वाचून दाखवू नकोस.