पाठमोरी बाई

नवरा अलीकडे खुशीत दिसत होता आणि नेमकं तेच तिला खटकत होतं.

दवाखान्यात एक्स-रे काढणारा माणूस. तीस वर्षं लोकांना "श्वास धरा, सोडा" सांगायचं आणि घरी येऊन मुकं बसायचं. पण मुलगी वसतिगृहात गेली आणि तिचा जुना टॅब ह्याच्या हाती लागला. ड्युटीवरून आला की जेवणाच्या टेबलाशी बसून पेनाने काचेवर गिरवत राहायचा. ही जवळून गेली की टॅब पालथा.

"चित्रं काढतो गं."

"कसली?"

"अशीच. मनातली."

पन्नाशीच्या पुरुषाच्या मनात काय असायचंय? तिने धाकट्या बहिणीला फोन लावला.

"ताई, भावोजी साधे आहेत म्हणून गाफील राहू नकोस. साधी माणसंच गुण उधळतात."

"आणि तुझा नवरा?"

"त्याला मनच नाही. मी निश्चिंत आहे."

रविवारी तो आंघोळीला गेल्याबरोबर तिने टॅब उघडला. पासवर्ड मुलीची जन्मतारीख. ह्याच्या डोक्याची धाव तेवढीच. आत त्यांचंच स्वयंपाकघर होतं. ओटा, खिडकी, गळका नळसुद्धा. माणूस मात्र एकही नाही. कडेला एक यादी होती. चित्र म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा, आणि प्रत्येक काचेपुढे एक डोळा. डोळा मिटला की त्या काचेवरचं सगळं गायब, हे मुलीने तिला कधीतरी दाखवलं होतं.

एकच डोळा मिटलेला होता. तिने नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

ओट्याशी एक बाई उभी राहिली. पाठमोरी.

सापडली! माझ्या ओट्याशी? मग तिला गाऊनची उसवलेली बाही दिसली, वर लावलेली सेफ्टी पिन दिसली. तिने स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. पिन तिथेच होती.

तो डोकं पुसत बाहेर आला आणि जागीच थांबला.

"मला का घालवलंत चित्रातून?"

"घालवलं नाही. बंद करून बघतो."

"काय बघता?"

"मला कसं वाटतं ते. सगळंच बंद करून बघतो एकेक. नोकरी, आई, तू."

"मग? मी नसले की कसं वाटतं?"

त्याने टॉवेलची घडी घातली. "आधी मोकळं वाटतं," तो म्हणाला. "मग थोड्या वेळाने भीती वाटते. मग परत चालू करतो."

"आज केलं नव्हतं."

"आज अजून भीती वाटली नव्हती."

दुसरी कुणी असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. इथे कुणाशी भांडायचं?

आता तो कामावर गेला की ती आधी टॅब उघडते, मग चहा टाकते. सोमवारी डोळा मिटलेला होता. मंगळवारीही. बुधवारी उघडा होता, पण ओट्याशी कुणी नव्हतं. तिला त्याने खुर्चीत बसवलं होतं, तोंड समोर, हात रिकामे.

तिने चित्र बोटांनी मोठं केलं, लहान केलं. तीस वर्षांत ह्या माणसाने कधी "बस" म्हटलं नव्हतं.

"आता हे कशासाठी?" ती मोठ्याने म्हणाली आणि बहिणीला फोन लावला.